बोलिव्हियाच्या बारा स्लाइड

"तिला फक्त बनवायला सांगा. बोलायचं मी बघतो. ती कुठे बोलते?"

पँट्रीच्या दाराबाहेर मी चहाचा कागदी कप धरून उभी होते आणि आत आमचे साहेब एचआरच्या मॅडमना हे सांगत होते. ती म्हणजे मी. हे कळायला नाव ऐकावं लागलं नाही. मॅडम हसल्या. "इंग्लिश मीडियमची आहे म्हणे. पण कायम मूग गिळून बसलेली."

"बरंच आहे की," साहेब म्हणाले. "काम करते, वाद घालत नाही. अशीच माणसं कन्फर्म करावीत."

मी परत फिरले आणि चहा बेसिनमध्ये ओतून टाकला. राग आला होता. पण खरं सांगायचं तर जो आला तो त्यांचा नव्हता. ते बरोबर बोलत होते, याचा होता.

आमची कंपनी चाकणला दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांचे ब्रेक शू आणि क्लच प्लेट बनवते. निर्यात विभागात मी ट्रेनी होते. वर्ष संपत आलं होतं, आणि पुढच्या महिन्यात मला कायम करायचा फॉर्म साहेबांच्या टेबलावर जाणार होता. सही त्यांची. बाबा रिटायर झालेत, घरात पगार माझा एकटीचा. एवढं सांगितलं की पुरे.

परदेशी पाहुणा आला की आमच्याकडे एक ठरलेला सोहळा असतो. गेटवर रांगोळी, औक्षण, ट्रेनिंग हॉलमध्ये फेटा, शाल, श्रीफळ, मग बॅनरखाली फोटो. साहेबांनी त्यात भर घातली होती, पाहुण्याच्या देशाची माहिती. आधी स्टाफला दाखवायची, म्हणजे कोणी वेडंवाकडं वागणार नाही. मग पाहुण्यासमोर थोडक्यात, म्हणजे त्याला बरं वाटेल. जपानचं मी केलं होतं. साहेबांनी माझी वाक्यं वाचली आणि टाळ्या घेतल्या. तेव्हा मला राग आला नव्हता. सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता बोलिव्हियाहून गिऱ्हाईक येणार होतं. ऑफिसात पहिला प्रश्न आला, "ते आफ्रिकेत ना?" शेजारच्या टेबलावरच्याने सांगितलं, "नाही राव, ब्राझीलच्या बाजूला. फुटबॉल." त्यावर चर्चा संपली.

मलाही याहून फार माहीत नव्हतं. माझ्या शाळेत मराठी बोललं की डायरीत लाल शेरा यायचा. आम्ही युरोपातल्या राजांच्या वंशावळी पाठ करायचो. दक्षिण अमेरिका भूगोलात दीड पान होती. जंगल, कुरणं, कॉफी. तिथे माणसं असल्याचा उल्लेख आठवत नाही.

मी सकाळी भक्ती-शक्ती चौकातून कंपनीची बस पकडते. तळवड्याला बस अडकली की अर्धा-पाऊण तास हलत नाही. तीन आठवडे मी त्या ट्रॅफिकमध्ये बोलिव्हिया वाचत होते. इतरांच्या कानात गाणी, माझ्या मांडीवर वही.

देश दोन तुकड्यांत असल्यासारखा आहे. पूर्वेला खाली उष्ण जंगल, पश्चिमेला डोंगरांच्या माथ्यावरचं थंड, उघडं पठार. ला पाझ शहर एका खोल वाडग्यात वसलंय आणि त्या वाडग्याच्या काठावर एल आल्तो नावाचं दुसरं शहर आहे. खेड्यांतून कामासाठी आलेल्या लोकांनी विटांवर विटा रचून उभं केलेलं. फोटो बघितले तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं. न रंगवलेली घरं, वर लोखंडी सळ्या तशाच मोकळ्या सोडलेल्या, पुढे कधीतरी मजला चढवू म्हणून. इकडे चिखलीत, कुदळवाडीत अशीच घरं होती. फरक इतकाच की तिथे दोन शहरांमध्ये लोक रोपवेने ये-जा करतात, रोज, कामावर. बसमध्ये बसून हे वाचताना मला तळवडे चौकाची जास्तच चीड आली.

या देशाला समुद्र नाही. पूर्वी होता. शेजारच्या चिलीबरोबरच्या युद्धात किनारा गेला. तरी त्यांनी नौदल ठेवलंय, टिटिकाका नावाच्या मोठ्या सरोवरात ते कवायत करतं. दरवर्षी एक दिवस गेलेल्या समुद्रासाठी पाळतात, शाळेतली मुलं संचलन करतात. हे ऐकून ऑफिसात सगळे हसले. मला हसू आलं नाही. गेलेलं गेलं, आता विसरा, असं सांगणाऱ्यांचं ज्यांनी ऐकलं नाही असे लोक मला तिथे पहिल्यांदा भेटले.

मग पोतोसी. चांदीचा डोंगर. स्पॅनिश लोक आले, त्यांना डोंगरात चांदी सापडली, आणि आसपासच्या प्रत्येक गावाला पाळी लागली. इतकी माणसं, इतके दिवस खाणीत. बायकापोरं आणि लामा नावाच्या लोकरी जनावरांच्या पाठीवरचं सामान घेऊन माणसं आठवडेच्या आठवडे चालत यायची. परत किती गेली ते कोणी नीट सांगू शकत नाही. त्या चांदीवर युरोप श्रीमंत झाला. ज्या राजांच्या वंशावळी मी पाठ केल्या होत्या त्यांच्या ताटवाट्या या डोंगरातून आल्या होत्या, आणि पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नव्हती. त्या डोंगरात अजून माणसं उतरतात. गालात कोकाची पानं धरतात, म्हणजे भूक लागत नाही, दम टिकतो. आत शिंगं असलेली एक मातीची मूर्ती असते. तिला 'काका' म्हणतात. तिच्या तोंडात सिगारेट पेटवून ठेवतात आणि जिवंत बाहेर सोड म्हणतात. वर चर्चचा देव, खाली काका. ज्याच्या हद्दीत काम, त्याला मान.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी देश स्वतंत्र झाला. म्हणजे मालक बदलले. डोंगरातल्या आयमारा आणि केचुआ लोकांची वेठ चालूच राहिली. जमीन विकली की तिच्यावर राबणारी कुटुंबंही तिच्याबरोबर नव्या धन्याकडे जायची. मत फक्त ज्याला वाचता येतं त्याला, आणि शाळा ज्याला मत आहे त्याला. आणि ला पाझच्या मधोमध, जिथे राष्ट्राध्यक्षांचा वाडा आहे, त्या चौकात आयमारा माणसाला पाय ठेवायची बंदी. स्वतःच्या देशात, स्वतःच्या शहरात. गेल्या शतकाच्या मध्यावर खाणकामगार सुरुंगाच्या कांड्या घेऊन उठले, क्रांती झाली, तेव्हा कुठे मत मिळालं, जमीन मिळाली आणि चौक मोकळा झाला.

हे मी बसमध्ये वाचलं आणि पुढचं काही वाचलं नाही. कंपनीचं गेट आल्यावर शेजारणीने मला हलवलं.

प्रेझेंटेशनमध्ये मी त्या चौकाची स्लाइड केली. फक्त एक फोटो, आजचा. कबुतरं, फुगेवाला, आणि घेरदार झग्यातल्या, टोप्या घातलेल्या आयमारा बायका बाकावर निवांत बसलेल्या. खाली दोन ओळी. या चौकात यांच्या आज्यांना यायला बंदी होती.

बाकी गोष्टीही होत्या. कोचाबांबा शहराचं पाणी परदेशी कंपनीच्या हातात दिलं, दर चढले, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि त्यांनी कंपनीला घालवून दिलं. आमच्या रावेतच्या सोसायटीत पाणी दिवसाआड येतं, बाकी टँकर. आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रागावलेले चेहरे टाकतो. पुढे आयमारा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचंही राजकारण नंतर गढूळ झालं, तेही मी लिहिलं होतं. पण त्या काळात नवं संविधान आलं, स्पॅनिशबरोबर छत्तीस स्थानिक भाषांना मान मिळाला आणि तिरंगी झेंड्याबरोबर सात रंगांच्या चौकोनांचा दुसरा झेंडा आला, डोंगरातल्या लोकांचा.

आणि साबुदाण्याची खिचडी. हे शोधून मला स्वतःलाच मजा वाटली होती. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, दाणे, मिरची, सगळं मुळात दक्षिण अमेरिकेतलं. आपला उपवास त्यांच्या शेतातून येतो.

हे सगळं मिळून एकवीस स्लाइड झाल्या. सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडमही होत्या.

"हे काय?" मॅडमनी सात रंगांच्या झेंड्यावर बोट ठेवलं. "हे ते प्राइडवाल्यांचं ना? नको बाई. कंपनीच्या बॅनरवर नको."

"मॅडम, तो त्यांचा राष्ट्रीय..." मी म्हणाले. माझा आवाज तिथपर्यंतच गेला.

"एकच झेंडा ठेवू. सिम्पल." त्यांनी डिलीटचं बटण दाबलं. काही वर्षांपूर्वी बोलिव्हियात सत्ता उलटली, गोंधळ झाला, तेव्हा काही पोलिसांनी आपल्या गणवेशावरचा हा झेंडा कात्रीने कापून काढला होता. मॅडमना कात्रीही लागली नाही.

मग साहेबांनी पुढच्या काढायला सुरुवात केली. "खाण नको. डिप्रेसिंग आहे. पाणी नको, पॉलिटिकल आहे. टोपीची स्लाइड, हं, लांबण आहे." त्या स्लाइडवर मी लिहिलं होतं की आयमारा बाईची टोपी हा तिचा मान आहे, ती चारचौघांत काढत नाहीत आणि दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. स्पॅनिश मालकांनी तो घेरदार झगा एके काळी लादला, आणि या बायकांनी तोच इतका आपला केला की पुढे त्याच झग्यासाठी त्यांना हॉटेलात, टॅक्सीत नाकारलं जाऊ लागलं. अगदी आत्ताआत्तापर्यंत. आमच्या गिऱ्हाइकाच्या मेलवर मालक म्हणून बाईचं नाव होतं, म्हणून मी टोपीच्या स्लाइडवर तेही टाकलं होतं. साहेबांनी ते वाचलं नाही. त्यांचा हात चौकावर येऊन थांबला.

"हे कशाला?"

मी वहीचा कोपरा दुमडला.

"अगं, पाहुण्यांसमोर रडगाणं गायचं का? कोणाला बंदी, कोणाला काय. हे सगळीकडे होतं. आता राहिलंय का काही?" ते मॅडमकडे बघून हसले. "आपल्याकडे पण काही लोक तेच उगाळत बसतात. पुढे कधी जायचं मग?"

मॅडमनी मान हलवली. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही, कारण त्यांच्या मते 'काही लोक' त्या केबिनमध्ये नव्हते. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. बाबांनी शहरात आल्यावर गावाच्या नावाचं आडनाव लावलं होतं. दहावीला सरांनी भर वर्गात जातीचा दाखला मागितला तेव्हापासून मी शिकले की आपल्याबद्दल कमीत कमी सांगायचं. डबा खाताना कोणी 'तुम्ही कोण' असं फिरवून विचारलं की मी म्हणते, आम्ही मूळचे मराठवाड्याचे. घरात हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. ऑफिसातल्या कोणालाही मी आजवर घरी बोलावलेलं नाही.

स्लाइड गेली. एकवीसच्या बारा झाल्या. खिचडी राहिली, साहेबांना फार आवडली. आणखी एक राहिली. आयमारा लोक म्हणतात की भूतकाळ माणसाच्या समोर असतो, कारण तो दिसतो, आणि भविष्य पाठीमागे, कारण ते दिसत नाही. साहेबांनी त्याच्यामागे सूर्योदय लावला आणि ती पहिली घेतली. "मोटिव्हेशनल आहे," म्हणाले. समोरचा भूतकाळ सगळा काढून टाकला आणि तो समोर असतो हे वाक्य ठेवलं. शेवटी त्यांनी स्वतः एक फोटो टाकला, पिसांचा मुकुट घातलेली नाचणारी बाई.

जागेवर येऊन मी मेल केला, कारण मी बोलत नाही, मेल करते. सर, हा फोटो ब्राझीलचा आहे. उत्तर आलं, चालतं, तिकडचंच आहे.

त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना सांगितलं. मी घरात कंपनीतलं सहसा काही सांगत नाही. स्लाइड काढली हे सांगायच्या आधी चौकाबद्दल सांगावं लागलं. बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"तिथं बी पार होता म्हण की," ते म्हणाले.

त्यांच्या गावात मारुतीसमोर पार होता. त्याच्यावर गावातली मोठी माणसं बसायची. माझे आजोबा तिथून जाताना चपला हातात घ्यायचे. बाबा लहान असताना त्यांच्या मागून चालायचे, त्यांच्या पायात मुळात चपलाच नसायच्या, तरी आजोबा दरवेळी वळून त्यांच्या पायांकडे बघून घ्यायचे. हे मी आधी ऐकलं होतं, पण आईकडून. बाबांनी मला स्वतः सांगितलं ते त्या दिवशीच.

"मग तिथं कवा उठला तो नियम?"

"क्रांती झाली तेव्हा."

"आपल्याकडं कायद्यानं उठला. आमच्या म्हाताऱ्याला मात्र शेवटपर्यंत तिथं आलं की वाकायची सवय." त्यांनी ताटातला भाकरीचा तुकडा परत उचलला. "काढली तर काढू दे त्यांना. तू कशाला उगं तोंडाला लागती? कायम होऊ दे आधी. मंग काय बोलायचं ते बोल."

बाबांनी भोसरीत तीस वर्षं लेथवर काढली. आधी कायम होऊ दे, मग बोलू, असंच ठरवून त्यांनीही सुरुवात केली असणार. ते कधी बोलले, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते दुष्टपणाचं झालं असतं, आणि उत्तर मला माहीत होतं.

पाहुणे गुरुवारी आले. दोघं. एक साठीची बाई आणि तिचा तिशीतला भाचा. बाई बुटकी, भक्कम बांध्याची. हिरवा, थरांवर थर असलेला घेरदार झगा, खांद्यावर शाल, दोन करड्या वेण्या पाठीवर खाली एकमेकींना बांधलेल्या, आणि डोक्यावर जराशी तिरकी तपकिरी गोल टोपी. भाचा सुटात होता, त्याला इंग्रजी येत होतं. गेटवर औक्षण भाच्याचं झालं. गुच्छ भाच्याला. बाईला पाण्याची बाटली. नंतर मी मुद्दाम जाऊन गेटचं रजिस्टर पाहिलं. भाच्याचं पूर्ण नाव, पद, गाडी नंबर. आणि त्याखाली, 'सोबत १ महिला'.

साहेबांनी शॉप फ्लोअर भाच्याला दाखवला. बाई तीन पावलं मागून येत होती, मी तिच्या मागे. ब्रेक शूच्या लाइनवर ती थांबली. तयार झालेला एक नग उचलला, अस्तर जिथे धातूला चिकटवतात त्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, मग नाकाशी नेऊन वास घेतला. पुढे ट्रेमधले आणखी दोन तसेच पाहिले, एक वेगळा काढून बाजूला ठेवला. लाइनवरच्या जुन्या ऑपरेटरने तो बाजूला ठेवलेला नग उचलून बघितला आणि मला हळूच म्हणाला, "ताई, बाईला माल कळतो. हा एक नग माझ्या पण डोळ्यातून सुटला होता."

त्याला दोन मिनिटांत कळलं. साहेब तेव्हा पुढे भाच्याला क्षमतेचे आकडे सांगत होते.

चहा आला. बाईने कप उचलला, आधी चार थेंब जमिनीवर सोडले, मग घोट घेतला. धरतीला पहिला घोट, ही त्यांच्याकडची पद्धत. तीही माझ्या एका स्लाइडवर होती, काढलेल्यांपैकी. मॅडमनी लगेच हाउसकीपिंगच्या मावशींना खूण केली आणि मावशी पोछा घेऊन बाईच्या पायाशी वाकल्या. "हात थरथरतो वाटतं," साहेब मराठीत म्हणाले. "वय झालंय. बिचारीला कशाला आणलं असेल एवढ्या लांब." बाईने मावशींकडे बघून स्वतःचे पाय मागे घेतले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. माफी असावी.

दसऱ्याला हेच साहेब प्रेसच्या मशीनसमोर नारळ फोडतात, पाणी जमिनीवर सांडतं, आणि कोणी पोछा आणत नाही.

हॉलमध्ये समोर सोफा होता. त्यावर साहेब आणि भाचा. बाईला मॅडमनी दुसऱ्या रांगेतली प्लास्टिकची खुर्ची दाखवली. भाचा अर्धवट उठला, साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला प्रेमाने परत बसवलं. मी बाजूला लॅपटॉपपाशी उभी. माझं काम बटण दाबायचं.

साहेब चांगलं बोलतात, हे मान्य करायला हवं. सूर्योदय दाखवला, टाळ्या. पर्वत, मिठाचं पांढरं शुभ्र मैदान, त्याखालचं लिथियम, "भविष्याची बॅटरी". खिचडीवर सगळे हसले. स्टाफला आधी दाखवायचं या वेळी राहून गेलं होतं, त्यामुळे आमच्या पन्नास माणसांना बोलिव्हियाबद्दल आता इतकंच माहीत होतं की तिथे डोंगर आहेत, मीठ आहे आणि लोक सकारात्मक विचार करतात. शेवटच्या स्लाइडवर पिसांच्या मुकुटातली बाई आली. "त्यांचा रंगीबेरंगी कार्निव्हल," साहेब म्हणाले. दुसऱ्या रांगेतल्या बाईने भाच्याकडे बघितलं. भाच्याने आपल्या बुटांकडे बघितलं. बटण मीच दाबलं होतं.

मग फेटे. आळंदीहून फेटे बांधणारे काका बोलावले होते. त्यांनी भाच्याच्या डोक्यावर केशरी फेटा सफाईने चढवला, टाळ्या, फोटो. मग ते दुसऱ्या रांगेत बाईसमोर आले आणि हातात कापड धरून थबकले. टोपी. त्यांनी मॅडमकडे बघितलं. त्यांनी स्वतःहून हात लावला नाही, हे इथे नोंदवते.

मॅडम हसत पुढे आल्या. "मॅम, वन मिनिट. कॅप," म्हणाल्या आणि टोपी उचलायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बाईने एका हाताने टोपीची कड धरली. खुर्चीतच जराशी मागे सरकली. चेहऱ्यावर राग नव्हता. जे होतं ते मी ओळखलं. पाराजवळ आलं की अंग आधीच आकसतं, ते. मला ते चालणं वारशाने मिळालंय, मी ते रोज ऑफिसच्या दारातून आत येताना चालते.

"प्लीज, नो," सोफ्यावरून भाचा म्हणाला. अगदी हळू. पाहुणा होता तो.

"अरे, फक्त फोटोपुरतं," साहेब म्हणाले. "काढा मॅडम ती टोपी, लगेच परत घालू द्या तिला."

आणि मॅडमची बोटं टोपीला लागली.

लॅपटॉपचं झाकण मी किती जोरात बंद केलं ते मला कळलं नाही. पन्नास माणसांनी वळून बघितलं. पडद्यावरची बाई गेली. डोक्यात बाबांचं वाक्य चालू होतं, आधी कायम होऊ दे. इंग्रजीत बोलले असते तर सोपं गेलं असतं, परक्या भाषेत माणूस आडोशाला असतो. पण जे सांगायचं होतं ते त्या बाईला सांगायचं नव्हतं, तिला ते माहीत होतं.

"मॅडम, हात काढा," मी म्हणाले. "त्यांच्या टोपीला हात लावायचा नाही, हे मी लिहून दिलं होतं. मालकीण त्या आहेत, तेही लिहून दिलं होतं. यांच्या लोकांना स्वतःच्या शहराच्या चौकात पाय ठेवू देत नव्हते. ती स्लाइड मी केली होती, सर, आणि तुम्ही काढलीत. आमच्या गावात पारावरून जाताना माझे आजोबा चपला हातात घ्यायचे. म्हणून केली होती."